दहा बाय दहाच्या खोलीतलं इलेक्ट्रॉनिक संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा बँकेत, रात्री हेडफोनमध्ये, असं माझं बारा वर्षं चाललंय. सामान फार नाही. लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडणारी डबी), पाच इंची स्पीकरची जोडी, २५ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि पर्समध्ये मावणारा एक रेकॉर्डर. ओळखीपाळखीतली मुलं-मुली तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. ही माझी पद्धत आहे. तुमची वेगळी असेल आणि गाणी पूर्ण होत असतील तर तुमचीच बरोबर.

गाणी बनवायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

जवळच्या मित्राला जे येतं ते. थट्टा नाही, रात्री अकराला काही अडलं तर फोन करायला माणूस लागतो. एफएल स्टुडिओ १९९७ पासून आहे, एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट फुकट मिळतात, आणि ठेका बसवायला हात लगेच सरावतो. अ‍ॅबल्टन लाइव्ह २००१ मध्ये आलं. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) उलटसुलट लावून बघायला मला ते बरं पडतं म्हणून मी ते वापरते. पैसे कमी असतील तर रीपर बघा, ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. सिंथसाठी, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या वाद्यासाठी, तर सुरुवातीला एक रुपयाही घालवू नका. सर्ज एक्सटी, व्हायटलची फुकट आवृत्ती आणि डेक्स्ड, एवढ्यात दोन-तीन वर्षं सहज निघतात.

माझा लॅपटॉप जुना आहे, आवाज अडखळतो. नवा घेऊ?

आधी बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) हाताळतो तो आकडा. कीबोर्ड वाजवताना १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो उशीर जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा होतो, बोटाला कळत नाही. मिक्स करताना १०२४ वर न्या. तेव्हा उशीर २१ मिलिसेकंदांवर जातो, पण तेव्हा आपण वाजवत नसतो, त्यामुळे बिघडत काही नाही. एवढं करूनही अडखळत असेल तर ट्रॅक छापून टाका. छापणं म्हणजे काय ते पुढच्याच उत्तरात आहे.

तुम्ही एका बैठकीत नेमकं काय काय करता?

आवाज बनवणं आणि गाणं बनवणं ही दोन कामं मी एका दिवशी करत नाही. रविवारी सकाळी फक्त आवाज. सिंथ उघडायचा, वीस मिनिटांचा गजर लावायचा, एक आवाज बनवायचा आणि लगेच ऑडिओ फाइल करून फोल्डरमध्ये टाकायचा. नाव त्याच्या जातीवरून देत नाही, ऐकून जे मनात येतं ते देते. ‘ओला पत्रा’, ‘गंजलेला बास’, ‘दवाखान्यातला पंखा’. ‘बास ०४७’ असं नाव दिलं तर तीन महिन्यांनी तो उघडून ऐकल्याशिवाय काही आठवत नाही.

मंगळवार आणि गुरुवारी रात्री साडेनऊ ते अकरा गाणं. त्या वेळात नवा सिंथ उघडायचा नाही, फोल्डरमध्ये आहे त्यातूनच उचलायचं. आवाज बसत नसेल तर त्याला दुरुस्त करत बसायचं नाही, दुसरा घ्यायचा. दुधीची भाजी बिघडली तर ती सुधारण्यापेक्षा पिठलं टाकणं लवकर होतं.

आणि मग छापणं. सिंथचा ट्रॅक सुरांसकट, इफेक्टसकट ऑडिओ करून टाकायचा आणि मूळ सिंथ प्रोजेक्टमधून काढून टाकायचा. मूळ फाइलची एक प्रत बाजूला असते, पण बारा वर्षांत ती मी दोन-तीनदाच उघडली असेन. हे शिकायला मला एक प्रोजेक्ट पुरला. त्यात ६१ ट्रॅक होते, त्यातले चार फक्त किकचे (ठेक्यातला खालचा ‘धप्प’ ठोका), कारण कुठला किक ठेवायचा ते ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. ते नंतर कधी आलंच नाही. गाणं अजून तिथंच पडून आहे आणि मला आता त्याचा एकही किक आवडत नाही. छापलेल्या आवाजाशी जुळवून घ्यावं लागतं, तो कापता येतो, उलटा करता येतो, ताणता येतो, पण त्याचा फिल्टर (आवाजाचा वरचा किंवा खालचा भाग कापणारा) पुन्हा उघडून अर्धा तास घालवता येत नाही.

सूर कुठला ठरवू? काही फरक पडतो का?

बास मोठा असेल तर खूप पडतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

माझी एक मैत्रीण काळी एकमध्ये गाते. तिच्यासाठी मी पहिल्यांदा ट्रॅक केला तेव्हा ८०८चा (रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा) लांब बास साहजिकच काळी एकच्या खर्जात बसवला. हेडफोनमध्ये पोट हलत होतं. तिच्या गाडीत लावलं तर बास गायब! कारण साधं होतं. त्या सप्तकात काळी एक म्हणजे ३४.६ हर्ट्झ. गाडीच्या दारातल्या स्पीकरला तो झेपत नाही, माझ्या पाच इंचीलाही नाही. एक सप्तक वर घेतला तर ६९ हर्ट्झ, तिथे तो ऐकू येतो पण बासचं वजन जातं आणि किकशी भांडण सुरू होतं. पांढरी चार ४३.७ ला येते, पांढरी पाच ४९ ला. क्लबमध्ये वाजणारं इतकं संगीत याच भागात का असतं ते यावरून कळेल. खाली जाऊन भरीवही वाटतं आणि बऱ्यापैकी स्पीकरवर ऐकूही येतं.

गायिकेला चार पट्ट्या वर चढवणं शक्य नव्हतं. म्हणून बास षड्जावर ठेवायचाच नाही असं ठरवलं. तो बहुतेक वेळ पंचमावर, म्हणजे ५१.९ हर्ट्झवर बसतो आणि समेला फक्त वरच्या सावर येऊन जातो. गाण्याची चाल त्यामुळे निराळीच झाली, आणि चांगली झाली.

८०८चा बास फोनवर ऐकू येत नाही. ईक्यूने (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) वाढवू का?

नका. फोनच्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही, मग कितीही वाढवा. त्याला थोडं सॅच्युरेशन द्या. ५० हर्ट्झच्या शुद्ध लाटेला जरा खरवडलं की १००, १५०, २००, २५० असे वरचे स्वरांश तयार होतात. फोन त्यातले वरचे तेवढे वाजवतो आणि कान त्यावरून खालचा मूळ स्वर मनाने भरून घेतो. मी बासच्या दोन प्रती करते. एक स्वच्छ, १०० च्या वरचं सगळं कापलेली. दुसरी खरवडलेली, १०० च्या खालचं कापलेली. दुसरीचा आवाज फोनवर ऐकून ठरवते, पहिलीचा हेडफोनवर.

तो चिवचिवता, वळवळता ‘अ‍ॅसिड’ बास कसा करायचा?

तो रोलँडच्या टीबी-३०३ या यंत्राचा आवाज. एकच ऑसिलेटर (लाट तयार करणारा भाग), करवती किंवा चौकोनी लाट, पुढे एक फिल्टर, आणि दोन गमती : स्वरावरून स्वरावर सरकवणारी स्लाइड आणि एखादा स्वर ठासून वाजवणारा अ‍ॅक्सेंट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गिटारवाल्यांना साथीचा बास म्हणून विकायला काढलं होतं. बासगिटारसारखं ते अजिबात वाजेना, खपेना, १९८४ मध्ये बंद झालं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि शिकागोतल्या मुलांनी त्याचा कटऑफ (फिल्टर कुठून कापतो ते ठरवणारं बटण) पिळून १९८७ च्या सुमारास नवा प्रकारच उभा केला.

पण त्याच्याही आधी, १९८२ साली मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी हेच ३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक रेकॉर्ड केली होती. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चाट पडले. मला त्यातलं रागदारीपेक्षा यंत्राचं ऐकणं आवडतं. ३०३ ची स्लाइड म्हणजे मींड नाही. दोन स्वरांमधलं अंतर कितीही असो, ती सरकायला वेळ जवळजवळ तेवढाच घेते. गवई सा वरून रे ला जाताना आणि सा वरून प ला जाताना असं करणार नाही. या यांत्रिक हट्टामुळेच तो आवाज तसा लागतो.

करून बघायचं तर : करवती लाट, लो-पास फिल्टर (वरचं कापणारा), रेझोनन्स (कापतो तिथला टोकदारपणा) पाऊण, फिल्टरचा डीके (उतरायला लागणारा वेळ) छोटा, सस्टेन (टिकून राहणं) शून्य. सोळा मात्रांत चार-पाच स्लाइड आणि तीन अ‍ॅक्सेंट, दोन्ही एकाच जागी येऊ देऊ नका. शेवटी थोडं डिस्टॉर्शन. मग सूर बदलायचे नाहीत, पाच मिनिटं फक्त कटऑफ फिरवत रेकॉर्ड करायचं आणि त्यातले बरे तुकडे कापून घ्यायचे.

तानपुऱ्यावर सिंथचा पॅड (लांब धरलेला आवाज) ठेवला की बेसूर वाटतं. ट्यूनर तर बरोबर दाखवतो.

ट्यूनरही बरोबर आणि तुमचा कानही बरोबर. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याची पाचपट ३४६.५. तुमच्या सिंथचा गंधार बारा समान भागांच्या सप्तकातला, म्हणजे ३४९.२. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा आवाज हेलकावतो. हा फरक साधारण १४ सेंटचा आहे (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). पंचमात तो फक्त २ सेंटचा असतो, म्हणून तिथे काही खटकत नाही.

उपाय दोन. सर्ज एक्सटीमध्ये ट्यूनिंगची फाइल घालता येते, त्यात शुद्ध गंधार १४ सेंट उतरवा. किंवा मी करते ते : पॅडमधून गंधार काढूनच टाका. फक्त सा आणि प ठेवा, गंधार तानपुरा म्हणेल. कीबोर्ड शिकलेल्यांना तीन बोटांचा कॉर्ड सोडवत नाही, पण एकदा सोडून बघा, खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

जवारीसारखा आवाज सिंथवर निघतो का?

जवळपास जातो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवल्यावर जी झणझण येते, तिच्यात वरचे स्वरांश एकदम उजळतात आणि मग तो उजेड हळूहळू खाली उतरत जातो. तेच सिंथवर करायचं. बारीक करवती लाट, तिला समांतर एक अरुंद बँड-पास फिल्टर (फक्त मधला पट्टा सोडणारा), आणि प्रत्येक छेडीला तो ३००० हर्ट्झवरून ६०० पर्यंत अडीच-तीन सेकंदांत उतरू द्या. मूळ लाट मागे ठेवा, फिल्टरमधली पुढे. चार तारांचे चार वेगळे वेग ठेवा, सगळे सारखे ठेवले तर डोअरबेल होते.

माझ्याकडे हा पॅच ‘खोटा तानपुरा’ नावानेच आहे. खऱ्याची जागा तो घेत नाही, पण खऱ्याला जे जमत नाही ते करतो. फिल्टरचा उतार किकच्या तालात बांधता येतो.

आणि टाळ, घुंगरू, घंटा?

त्यासाठी एफएम, म्हणजे एका लाटेने दुसरी लाट हलवून आवाज काढायची पद्धत. स्टॅनफर्डमधल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली ही पद्धत यामाहाने घेतली आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ सिंथ काढला. सहा ऑपरेटर (लाटा काढणारे भाग), ३२ अल्गोरिदम (ते जोडायच्या रचना), आणि लोकांना घाबरवून सोडणारा छोटासा पडदा. डेक्स्ड म्हणजे तोच, फुकट. गणित एवढंच : दोन ऑपरेटरचं गुणोत्तर पूर्णांकात असेल तर आवाज सुरेल लागतो, १ ला १.४ असं तिरपागडं असेल तर धातू वाजतो. टाळाला मी असे दोन आवाज घेते, एक डावीकडे एक उजवीकडे, दोघांत थोडा फरक. टाळाच्या दोन वाट्या कधीच तंतोतंत एका सुरात नसतात, त्या थरथरण्यातच टाळ आहे.

ढोल-ताशा रेकॉर्ड करायचाय. दरवेळी फाटतो.

फोनवर करता ना? फोन मोठा आवाज आला की स्वतःच दाबतो, मग सोडतो, मग पुन्हा दाबतो. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना ताशा म्हणजे कुणीतरी पत्रा फाडतंय असं वाटत होतं आणि ढोल मधूनच बुडत होता.

विसर्जनाच्या दिवशी जाऊ नका. पथकांचा सराव ऑगस्टच्या आधीपासून नदीकाठी चालू असतो, तिथे जा, पथकप्रमुखांना आधी विचारा आणि सराव संपल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. रेकॉर्डरची पातळी उणे १२ डेसिबलला ठेवा आणि ढोलापासून पंधरा-वीस पावलं मागे या, शेजारी इमारत असेल तर पहिल्या मजल्याची गॅलरी उत्तम. मग एकाच ढोलाचे सुटे ठोके घ्या : टिपरूचा, थापेचा, दोन्ही बरोबर, हलका, जोराचा. प्रत्येकाचे आठ-दहा.

आता घरी येऊन चाळीस ढोल करायचे. एकच ठोका चाळीसदा एकावर एक ठेवला तर फक्त एक मोठा ढोल मिळतो. पथक मोठं वाटतं ते सगळे एकदम वाजत नाहीत म्हणून. मी वेगवेगळे ठोके घेऊन प्रत्येक ० ते २० मिलिसेकंद इकडेतिकडे सरकवते, सूर थोडा वर-खाली करते आणि डावी-उजवीकडे पसरते. बारा पुरतात. ताशाला मात्र हात लावत नाही, तो एकच आणि अगदी वेळेवर. सगळा पसारा त्याच्या काड्यांवर उभा असतो.

क्वांटाइझ (ठोके यंत्राने नेमक्या मात्रेवर ओढणं) करावं का?

किक करा, बाकीचं बघा. आणि स्विंग, म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका जरा उशिरा पाडणं, वापरा. रॉजर लिन यांच्या ड्रम मशीनपासून तो टक्क्यांत मोजतात : ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिगुन. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) ५४ टक्के दिला तर दुसरा सोळांश (मात्रेचा पाव भाग) १० मिलिसेकंद उशिरा पडतो, ५८ ला २०. मी हॅटला (ठेक्यातला बारीक ‘छिक’ आवाज) ५६ देते आणि बासला काहीच नाही. बास सरळ चालतो, हॅट लंगडत मागे येते.

प्रीसेट (सिंथमध्ये आयते भरलेले आवाज) वापरणं म्हणजे फसवणूक ना?

नाही. पेटीवाला सूर स्वतः तासून आणत नाही. मी प्रीसेट घेतला की आवाजाची सुरुवात ठरवणारा अ‍ॅटॅक, फिल्टर आणि रिव्हर्ब (घुमारा) एवढंच बदलते. रिव्हर्ब तर बहुतेक वेळा काढूनच टाकते, कारण प्रीसेट दुकानात एकटा छान दिसावा म्हणून सजवलेला असतो.

आठ मापांचा लूप झकास होतो, पुढे गाणं सरकत नाही.

तो झकास आहे म्हणूनच सरकत नाही. सगळं एकदम वाजतंय, सांगायचं काही उरलंच नाही.

मी त्या लूपच्या चार मिनिटं भरतील इतक्या प्रती एका ओळीत टाकते आणि मग नवीन काही न घालता फक्त पुसत जाते. सुरुवातीला किक पुसते, मध्ये बास पुसते, एका जागी सगळं पुसून फक्त टाळ ठेवते. अर्ध्या तासात सांगाडा दिसतो. मग जिथे ओकंबोकं वाटतं तिथे रविवारच्या फोल्डरमधून एकच आवाज, आणि तो गाण्यात एकदाच. आलाप, जोड, झाला ऐकत वाढलेल्याला हे खरं तर अवघड जाऊ नये. पण स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसले की आपण ते विसरतो आणि रिकामी जागा भरायला लागतो.

खोलीत बास घुमतो. गोधड्या लावू का?

लावा, टाळ्यांचा खणखणाट कमी होईल. बासला गोधडी कळतही नाही. दहा फुटांची भिंत-ते-भिंत म्हणजे साधारण तीन मीटर, तिथे ५६ हर्ट्झची लाट बरोबर अडकून बसते. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही बाजूंनी तीच. माझ्याकडे पांढरी सहाचा बास लागला की कपाटातल्या वाट्या वाजतात. भिंत पाडता येत नाही, म्हणून खुर्ची मधोमध न ठेवता पुढच्या भिंतीकडे सरकवली, मागे पुस्तकांचं उघडं कपाट ठेवलं आणि बासचा निर्णय हेडफोनवर घ्यायला लागले.

सतत एक बारीक गुणगुण येते.

घरातल्या विजेची ५० हर्ट्झ आणि तिची पिल्लं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लगिन शोधू नका.

किती लाउड करू?

स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून ठेवतं, म्हणजे तुम्ही पिळून उणे ६ केलं तरी ते खाली ओढणार. मी आकडा बघते शेवटी, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही.

तुमच्या एका गाण्यातला कुकरच्या शिट्टीचा तो वर चढणारा आवाज कसा केला होता?

शिट्टी सुरू होण्याआधीची फुसफुस महत्त्वाची, तिथपासून रेकॉर्ड केलं. मग उलटं केलं, चार मापांएवढं ताणलं, हाय-पास फिल्टर (खालचं कापणारा) हळूहळू वर नेला आणि शेवटी अर्ध्या मात्रेची शांतता सोडली, म्हणजे किक आला की धाडकन येतो.

एकच खबरदारी घ्या. मूळ शिट्ट्या मी एका रविवारी स्पीकरवर ऐकत बसले होते, दार उघडं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात मोजत होत्या. चार झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला. त्यांच्या कुकरची एकच झाली होती. दुपारी तूरडाळ दाताखाली येत होती, आणि तेव्हापासून शिट्टीवर काम असेल तर घरात आधी सांगायचं असा नियम आहे.